‘लोक ऐकतात, पण पैशाचे निर्णय माझ्यावर सोपवत नाहीत’: एका नव्या स्वतंत्र आर्थिक सल्लागाराच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा वर्षे एका मोठ्या वित्तसंस्थेत काम केल्यानंतर दीड वर्षापूर्वी तुम्ही स्वतंत्र आर्थिक सल्लागार म्हणून व्यवसाय सुरू केला. पहिल्या भेटी ठरतात, लोक तासभर मनापासून ऐकतात, आराखड्याचे कौतुकही करतात. पण नंतर एकतर फोनच येत नाही, किंवा ‘आधी थोड्या रकमेपासून सुरुवात करू’ असे म्हणून बचतीचा एक लहानसा तुकडा पुढे केला जातो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून आणखी एखादे प्रमाणपत्र मिळवावे, जुन्या ग्राहकांचे अभिप्राय छापावेत की फी कमी करावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी या व्यवसायात १९ वर्षे आहे. त्यांतली पहिली चार नोकरीत गेली आणि उरलेली स्वतंत्रपणे. तुमचे वर्णन माझ्या दुसऱ्या वर्षाशी इतके जुळते की मी ते दोनदा वाचले. मात्र तुम्ही निदान चुकीचे केले आहे असे मला वाटते. ज्याच्यावर मुळीच विश्वास नाही अशा माणसासमोर कोणी आपला पगार, कर्ज आणि बचत उघड करून बसत नाही. तेव्हा थोडा विश्वास घेऊनच ही माणसे तुमच्याकडे येत आहेत. तुम्ही पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडे जेवढा विश्वास मागता आहात, तेवढा द्यायला त्यांच्याजवळ अजून काही आधार नाही, आणि तुमचे म्हणणे स्वतः तपासून पाहण्याची सोयही तुम्ही त्यांना करून दिलेली नाही. म्हणून माझ्याबरोबर काम करायला ग्राहकाला जो विश्वास टाकावा लागतो तो कमी कसा करता येईल, असा प्रश्न मी स्वतःला विचारत आले आहे. पुढचे सारे त्याच अंगाने लिहिते.

आपण जे विकतो त्याचे स्वरूपच अडचणीचे आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा एक वेगळा वर्ग मांडला, ज्यांची गुणवत्ता त्या वापरून झाल्यावरही ग्राहकाला धड कळत नाही. मोटारीची दुरुस्ती हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. भाग खरोखरच बदलायला हवा होता का, हे मालकाला कधीच समजत नाही. निवृत्तीच्या नियोजनाचे तर फळ वीस वर्षांनी दिसते, आणि तेव्हाही त्यात सल्ल्याचा वाटा किती आणि नशिबाचा किती हे वेगळे काढता येत नाही. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक सुमारे ५७ टक्के घसरला. २००७ च्या सप्टेंबरात दिलेला अगदी शहाणपणाचा सल्लाही दीड वर्षाने मूर्खपणाचा दिसला असणार. सल्ल्याचा दर्जा ग्राहकाला दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या गोष्टींवरून अंदाज बांधतो: फोन परत केला का, कागद नीट आहेत का, ‘हे मला माहीत नाही’ असे हा माणूस कधी म्हणतो का.

पण नुसता विश्वास भरपूर असला तरी काय होते, याचे उदाहरण डिसेंबर २००८ मध्ये जगासमोर आले. खोटा नफा दाखवून लोकांना अनेक वर्षे फसवणारे अमेरिकेतले गुंतवणूक व्यवस्थापक बर्नार्ड मेडॉफ यांच्या गुंतवणूकदारांकडे विश्वासाची काहीच कमतरता नव्हती. ते स्वतःच आपल्या नातेवाइकांना आणि मित्रांना त्यांच्याकडे घेऊन जात होते. उणीव होती ती तपासण्याच्या सोयीची. पैसे मेडॉफ यांच्याच संस्थेकडे, खात्यांची विवरणपत्रे तीच संस्था छापणार, आणि लेखापरीक्षण एका अगदी लहान कार्यालयाकडे. २००९ मध्ये त्यांना १५० वर्षांची शिक्षा झाली, पण मला या प्रकरणात शिक्षेपेक्षा त्या विवरणपत्रांविषयी अधिक सांगावेसे वाटते, कारण आपल्या व्यवसायाचा पहिला नियम तिथून निघतो. ग्राहकाचा पैसा आपल्या खात्यातून जाता कामा नये. मालमत्ता त्याच्याच नावावर, आपल्याशी संबंध नसलेल्या संस्थेकडे असावी. आणि विवरणपत्र तिथून थेट त्याच्याकडे यावे. हे मी पहिल्या भेटीच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगते. अनेक सल्लागार यातले सगळे करतात, पण सांगत नाहीत, कारण त्यांना ते इतके उघड वाटते. समोरच्याला ते मुळीच माहीत नसते.

याच्याच जोडीला पासवर्डची गोष्ट येते. तुम्हालाही लोक पासवर्ड देऊ करत असतील. एका गृहस्थांनी तो कागदावर लिहून, कागदाची घडी करून टेबलावरून माझ्याकडे सरकवला होता. मी घडी न उघडता तो परत सरकवला. ‘अहो, मीच देतो आहे ना?’ असे म्हणून ते चांगलेच दुखावले, आणि पुढची पंधरा मिनिटे त्यांची समजूत घालण्यात गेली. कोणी संदेशातून पासवर्ड पाठवलाच, तर तो बदलून होईपर्यंत मी फोन ठेवत नाही. यात सोय कमी होते हे मान्य आहे. पण उद्या त्या खात्यात काही गडबड झाली, तर ‘पासवर्ड आणखी कोणाकडे होता’ या प्रश्नाच्या उत्तरात माझे नाव येता कामा नये.

आता मिळकतीकडे वळते, कारण बहुतेक ग्राहकांच्या मनातला न विचारलेला प्रश्न तोच असतो: ‘यातून यांना काय मिळते?’ याचे उत्तर कोणत्या देशात, कोणत्या नोंदणीखाली काम करता यावर बरेच अवलंबून आहे. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस आणि ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये सल्लागारांना गुंतवणूक योजना विकणाऱ्या कंपन्यांकडून मिळणाऱ्या कमिशनवर बंदी आणली; भारतात सेबी या बाजार नियामक संस्थेचे गुंतवणूक सल्लागारांसाठीचे नियम २०१३ मध्ये आले आणि २०२० च्या दुरुस्तीने एकाच ग्राहकाला सल्ला देणे आणि योजना विकणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तुम्हाला कमिशन घेण्याची मुभा असेल आणि तुम्ही ते घेत असाल, तर तेही चालेल, पण ताकाला जाऊन भांडे लपवू नका.

नुसते उघड सांगितले की आपण मोकळे झालो, असेही समजू नका. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर यांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती रक्कम आहे याचा अंदाज काही जणांनी लांबून करायचा होता; ज्यांनी बरणी जवळून पाहिली ते त्यांना सल्ला देणार होते. काही सल्लागारांना असे सांगितले होते की समोरच्याचा अंदाज जितका जास्त, तितका तुमचा मोबदला जास्त. ही गोष्ट अंदाज करणाऱ्यांसमोर उघड केली, तेव्हा सल्लागारांनी आकडा आणखी फुगवून सांगितला, आणि अंदाज करणाऱ्यांनी सल्ल्यातून वजावट केली खरी, पण पुरेशी केली नाही. ‘मी तर सांगूनच टाकले’ ही भावना सल्लागाराला उलट मोकाट सोडते, एवढे त्यावरून घ्यावे.

म्हणून मी एक पान वेगळे ठेवले आहे. ग्राहकासमोर जे पर्याय असतील, त्या प्रत्येकापुढे माझी मिळकत किती हे त्यावर लिहिलेले असते, आणि त्यात ‘काहीच न करणे’ आणि ‘कर्ज फेडून टाकणे’ हेही पर्याय असतात. फी कोणत्याही पद्धतीने घेतली तरी ती आपल्याला कुठल्यातरी बाजूला ओढतेच. मालमत्तेच्या टक्केवारीवर फी असेल, तर हातात आलेल्या रकमेतून कर्ज फेडा असे सांगताना जीभ जड होते, कारण तेवढी रक्कम माझ्या हिशेबातून कमी होते. वार्षिक ठरावीक फीमध्ये वर्षभर स्वस्थ बसण्याचा मोह असतो. तासावर फी असेल तर ग्राहक फोन करायला कचरतो, आणि फोन करायलाच हवा असा दिवस नेमका निसटतो. कमिशनमध्ये गुंतवणूक विनाकारण हलवत राहण्याचा धोका सर्वांनाच ठाऊक आहे. मी टक्केवारीने फी घेते. म्हणून कर्जाचा प्रश्न आला की आधी सांगते, ‘या प्रश्नाचे माझे उत्तर माझ्या उत्पन्नाशी बांधलेले आहे, त्यामुळे आकडेमोड तुमच्या समोर करू.’ कर्जाचा व्याजदर ९ टक्के असेल, तर फेडीतून ९ टक्के नक्की वाचतात. गुंतवणुकीतून १० किंवा ११ मिळतील ही अपेक्षा आहे, आणि तिच्यावर करही आहे. ही दोन वाक्ये कागदावर शेजारी शेजारी लिहिली की निर्णय बहुधा ग्राहकच घेतो.

माझ्या स्वतःच्या फीचाही हिशेब मी दाखवते. वर्षाला ८ टक्क्यांनी २५ वर्षे वाढलेली रक्कम ६.८५ पट होते. खर्चापोटी १ टक्का गेला आणि ७ टक्के उरले, तर ५.४३ पट. म्हणजे वर्षाचा तो एक टक्का शेवटच्या रकमेचा सुमारे पाचवा हिस्सा घेऊन जातो. हे पहिल्याच भेटीत दाखवणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणे आहे असे माझ्या व्यवसायबंधूंचे मत आहे, आणि ते अगदीच चूक नाही, कारण काही लोक ते पाहून खरोखर उठून जातात. पण जे राहतात, ते पाचव्या वर्षी कुठेतरी हाच हिशेब वाचून फसवले गेल्याच्या भावनेने येत नाहीत. आणि या फीच्या बदल्यात आपण नेमके काय देतो, हे मलाही दरवर्षी नव्याने लिहून काढावे लागते.

तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मला खटकले: ‘लोक तासभर मनापासून ऐकतात.’ पहिल्या भेटीत तासभर ऐकायचे काम तुमचे आहे. आराखडा तर त्या दिवशी दाखवूच नये, कारण माणसाला नीट ओळखण्याआधी तयार असलेला आराखडा दुसऱ्या कोणासाठी तरी केलेला असतो, हे त्यालाही कळते. मी एक प्रश्न हमखास विचारते: ‘पैशाच्या बाबतीत यापूर्वी कोणाचे ऐकून पस्तावलात का?’ एका जोडप्यातल्या पतीने चटकन ‘तसे काही नाही’ असे उत्तर दिले. पत्नी बराच वेळ फाइलच्या कोपऱ्याशी चाळा करत बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘आणि ती पॉलिसी?’ एकदाच पैसे भरायचे आहेत अशा समजुतीने त्यांनी सही केली होती आणि हप्ता दहा वर्षे दरसाल भरायचा होता. विकणारा ओळखीचाच होता. माझ्याआधी ते आणखी दोन सल्लागारांना भेटले होते, पण लाजेपोटी ही गोष्ट त्यांनी दोघांनाही सांगितली नव्हती. त्या दिवशी मी काहीही सुचवले नाही. पॉलिसी मध्येच बंद केली तर काय परत मिळेल, ते कलम आम्ही तिघांनी मिळून वाचले, आणि ज्या ओळी मलाही कळल्या नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारून विमा कंपनीला लेखी विचारायचे ठरवले.

‘थोड्या रकमेपासून सुरुवात करू’ हे म्हणणे अपमान म्हणून घेऊ नका. ते लोक तुम्हाला तपासून पाहत आहेत, आणि त्यांनी तसे करणे अगदी योग्य आहे. उलट त्यांना आणखी लहान काम द्या: एकच प्रश्न, त्याची ठरलेली फी, लेखी उत्तर, आणि त्याची अंमलबजावणी त्यांना वाटेल तिथे करण्याची मोकळीक. माझ्या अनुभवात यासाठी सर्वांत उपयोगी काम म्हणजे सगळ्या खात्यांवरच्या आणि पॉलिसींवरच्या नॉमिनींची तपासणी. लग्नाआधी लावलेले आईचे किंवा वडिलांचे नाव वीस वर्षांनीही तसेच सापडते, कधी ती व्यक्ती हयातही नसते. हे काम दोन आठवड्यांत होते, चूक की बरोबर हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि त्यात बाजाराच्या चढउताराचा काही संबंध नाही.

प्रत्यक्ष गुंतवणुकीचा निर्णय झाला की मी त्याच दिवशी अर्ध्या पानाची नोंद करते: काय ठरले, का ठरले, काय गृहीत धरले आणि काय घडले तर हा निर्णय चुकला असे म्हणायचे. घसरणीचा अंदाज त्यात टक्क्यांत लिहीत नाही, रकमेत लिहिते, कारण ‘तीस टक्के घट’ या शब्दांनी कोणाची झोप उडत नाही. आपल्या खात्यातून जाणारा आकडा पाहिला की उडते. (५० टक्के घसरण भरून यायला १०० टक्के वाढ लागते, हे साधे गणितही पुष्कळांना तिथेच प्रथम कळते.) १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या पाच आठवड्यांत एस अँड पी ५०० सुमारे ३४ टक्के कोसळला, तेव्हा ग्राहकांचे फोन येण्याआधी मी फोन करत होते. आधी निवृत्तीच्या जवळ आलेले, मग अगदी नवे, मग बाकीचे. मी कोणतेही भाकीत केले नाही. त्यांनी सही केलेली नोंद त्यांना वाचून दाखवली. बहुतेक जण थांबले. एका गृहस्थांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले, सगळे विकायला सांगितले आणि नंतर माझ्याकडे येणेही बंद केले. कागद कितीही चांगला असला तरी काही माणसे राहत नाहीत.

चुकीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. स्वतंत्र झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी एका ग्राहकाच्या निवृत्तीच्या तक्त्यात महागाई निवृत्तीच्या दिवसापासून लावली. ती आजपासून लावायला हवी होती. निवृत्तीला नऊ वर्षे होती. ६ टक्के महागाईने नऊ वर्षांत खर्च १.६९ पट होतो, म्हणजे मी सांगितलेली गंगाजळी फारच अपुरी होती. दोन महिन्यांनी दुसऱ्याच कोणाचा तक्ता करताना ते माझ्या लक्षात आले. पुढच्या आढाव्यात गुपचूप दुरुस्त करावे, असा विचार मनात आला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. त्याच संध्याकाळी फोन केला, चूक काय आणि तिचा परिणाम किती हे दुसऱ्या दिवशी लेखी पाठवले आणि त्या वर्षाची फी परत केली. ते रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. त्यानंतर त्यांनी तो तक्ता मागवून घेतला आणि त्यातले एकेक सूत्र स्वतः तपासले. आजही प्रत्येक आढाव्याला ते आपली वही घेऊन येतात आणि माझे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. मला सर्वांत निश्चिंत वाटते ते याच ग्राहकाच्या बाबतीत.

तुम्ही सुचवलेल्या तीन उपायांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. प्रमाणपत्र दार उघडायला उपयोगी पडते, आणि तुमच्याजवळ ते आहेच. ग्राहकांचे अभिप्राय छापण्याआधी नियम पाहा, कारण भारतात सल्लागारांना जाहिरातीत ते वापरता येत नाहीत. जिथे चालतात तिथेही अभिप्रायावरून माणूस आवडतो एवढेच कळते, आणि मेडॉफ यांना उत्तम अभिप्राय मिळाले असते. फी कमी करण्याचा मी सरळ विरोध करते: समोरचा कुरकुरला म्हणून ती खाली आणली, तर आधीचा आकडा कशावरून ठरला होता, हा प्रश्न त्याच्या मनात कायमचा राहतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही: तुमच्याजवळ किती महिन्यांचा घरखर्च शिल्लक आहे? या महिन्याचा खर्च समोरच्या माणसाच्या होकारावर अवलंबून असेल, तर ते बोलण्यात कुठेतरी उतरतेच. तसे असल्यास काही काळ शिकवण्याचे किंवा लेखाकामाचे अर्धवेळ काम धरण्यात कमीपणा नाही. मी दोन वर्षे केले. जुन्या संस्थेतल्या ग्राहकांना बोलावण्याआधी तुमचा नोकरीचा करारही पुन्हा वाचा. कालावधीबाबत विचाराल, तर माझ्याकडे पहिल्या वर्षी सात कुटुंबे आली आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती तेवीस झाली. पहिली भेट ते सर्व गुंतवणुकीचा सल्ला, यात साधारण दोन वर्षे जात. दीड वर्षात तुम्ही मागे पडला आहात असे मला वाटत नाही.

ज्यांनी लहान रक्कम दिली आहे त्यांना या आठवड्यात एक पान पाठवा. त्या रकमेचे काय केले, खर्च किती झाला, तुम्हाला किती मिळाले, आणि तुम्हाला सोडून जायचे असेल तर काय करावे लागेल, एवढेच त्यावर असू द्या: कोणता फॉर्म, कोणाकडे द्यायचा, किती दिवस लागतात. माझ्या करारात हे सोडून जाण्याचे पान तिसरे आहे. आतापर्यंत चार जणांनी ते वापरले. त्यांच्यातले एक जण मागच्या वर्षी परत आले, तेव्हा तेच पान बरोबर घेऊन आले होते; त्यातल्या एका फॉर्मचे नाव बदलले आहे, ते दुरुस्त करून घ्या, असे त्यांनी मला सांगितले.